एसीवरचे तारे खानदेशच्या उन्हात कसे वाचावेत

फैजपूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या नव्या घराच्या वरच्या मजल्यावर बारा बाय बारा फुटांची खोली आहे, वर उघडी गच्ची आणि एक भिंत पश्चिमेला. या खोलीसाठी दीड टनाचा थ्री स्टार इन्व्हर्टर एसी ३७,५०० रुपयांना आणि त्याच कंपनीचा फाइव्ह स्टार ४६,००० रुपयांना मिळतो आहे. फाइव्ह स्टार घेतला तर बिल निम्मे येईल, असे दुकानदार म्हणतो. तारे म्हणजे नुसती जाहिरात, असे शेजारी म्हणतात. रात्री ताई आणि त्यांचे पती त्या खोलीत झोपणार आहेत आणि वैशाखात दुपारी सासरेही तिथेच विश्रांती घेणार आहेत. साडेआठ हजार रुपये जास्त मोजावेत का, हे त्यांना हवे आहे. दोन्ही यंत्रांच्या लेबलांवरचे आकडे त्यांनी सोबत दिले, हे फार बरे केले, कारण बहुतेक लोक फक्त तारे मोजतात आणि खालचे आकडे वाचतच नाहीत.

ताई, मी भुसावळला सव्वीस वर्षे एसी बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. आपल्या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले आहेत, असे मला वाटते. तारे नेमके काय मोजतात, हा पहिला. ते मोजमाप आपल्याकडच्या ४५ अंशांच्या दुपारीला लागू पडते का, हा दुसरा. आणि आपल्या खोलीत, आपल्या वापरात, आपल्या वीजदरात ते साडेआठ हजार किती वर्षांत वसूल होतात, हा तिसरा. शेजारी आणि दुकानदार दोघेही चुकले आहेत, पण दोघांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे.

तारे देण्याची पद्धत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेने, म्हणजे बीईईने, २००६ मध्ये सुरू केली आणि २०१० पासून एसीवर हे लेबल लावणे सक्तीचे झाले. सुरुवातीला हिशेब सोपा होता. बाहेर ३५ अंश तापमान ठेवून यंत्र पूर्ण ताकदीने चालवायचे, त्याने खोलीतून किती वॅट उष्णता बाहेर काढली ते मोजायचे आणि त्यासाठी किती वॅट वीज लागली त्याने भागायचे. पुढे इन्व्हर्टर यंत्रे आली. त्यांचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे सावकाश किंवा जोरात फिरतो आणि सावकाश फिरताना तो सर्वांत जास्त काटकसर करतो. एकाच तापमानाला, पूर्ण ताकदीवर घेतलेल्या चाचणीत हा गुण दिसत नसे. म्हणून २०१८ पासून सर्व एसींसाठी वर्षभराच्या हवामानाचा विचार करणारा आकडा सक्तीचा झाला. लेबलवर आयएसईईआर म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो हाच. वर्षभरात यंत्राने बाहेर काढलेली एकूण उष्णता भागिले त्यासाठी लागलेली एकूण वीज, असा त्याचा अर्थ आहे. आपल्या थ्री स्टार यंत्राचा तो ३.९५ आहे आणि फाइव्ह स्टारचा ५.०४.

हे ‘वर्ष’ कसले, ते समजले की बाकीचे आपोआप उलगडते. लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरासाठी काढलेले असतात. हे १६०० तास बाहेरील २४ ते ४३ अंश तापमानांमध्ये वाटलेले आहेत आणि ही वाटणी देशभरातील शहरांच्या हवामानाच्या सरासरीवरून केलेली आहे. सर्वांत जास्त तास २७ अंशांच्या आसपास येतात. ३५ अंश आणि त्याहून वरचे सगळे मिळून पावणेदोनशेच्या आसपास, तर ४० अंश आणि त्याहून वरचे अवघे तीस. तीस तास! जळगाव–भुसावळ पट्ट्यात ४० च्या वरचे तीस तास एप्रिलच्या एका आठवड्यात संपतात, आणि ४३ च्या पुढचा तर या तक्त्यात रकानाच नाही. शेजारी ‘जाहिरात’ म्हणतात, त्यातला खरा भाग एवढाच, की लेबलचे वर्ष हे खानदेशचे वर्ष नाही.

मात्र म्हणून तारे निरुपयोगी ठरत नाहीत. या हिशेबात असे धरलेले असते, की बाहेर २३ अंश असताना खोलीला गारव्याची गरज शून्य, ३५ अंशांना यंत्राच्या पूर्ण क्षमतेइतकी, आणि मध्ये ती सरळ रेषेत वाढत जाते. म्हणजे २९ अंशांना निम्मी गरज. आता आपल्याकडची मे महिन्यातली रात्र आठवा. मध्यरात्रीनंतर तापमान ३० च्या खाली येते आणि पहाटे २७-२८ पर्यंत उतरते. यंत्र त्या वेळी बरोबर त्या टप्प्यात चालते, ज्यावर लेबलचा हिशेब उभा आहे. रात्रीच्या वापरात ताऱ्यांमधला फरक बराचसा खरा उतरतो, तो याच कारणाने. दुपारी मात्र दोन्ही यंत्रे पूर्ण ताकदीने चालतात, इन्व्हर्टरला सावकाश होण्याची संधीच मिळत नाही, आणि दोघांतील टक्केवारीचा फरक कमी होतो.

तो किती कमी होतो, हे पाहण्यासाठी लेबल सोडून आउटडोअर युनिटवरची पट्टी वाचावी लागते. तिथे पूर्ण भारावर लागणारी वीज वॅटमध्ये लिहिलेली असते. आपण कळवलेले आकडे ढोबळ धरले, तर दोन्ही यंत्रांची क्षमता ५००० वॅट आहे आणि पूर्ण भारावर थ्री स्टारला १६०० व फाइव्ह स्टारला १४५० वॅट लागतात. म्हणजे दुपारी बचत सुमारे ९ टक्के. लेबलवरच्या वार्षिक युनिटांत मात्र, ९७० आणि ७६० मध्ये, सुमारे २२ टक्क्यांचा फरक आहे. दुकानदाराचे ‘निम्मे’ यांपैकी कशातच बसत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा जुना एसी काढून नवा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर बसवला, तर बिलातला एसीचा वाटा निम्म्याच्या जवळ येऊ शकतो. बहुधा ते वाक्य तिथून उचलून इथे चिकटवले असावे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे, कारण ती मला स्वतःला उशिरा उमगली. दुपारी टक्केवारी घटते, पण बिल टक्क्यांत येत नाही, युनिटांत येते. पूर्ण भारावर १५० वॅटचा फरक म्हणजे तासाला ०.१५ युनिट. लेबलवरचा २१० युनिटांचा फरक १६०० तासांना भागला, तर तासाला ०.१३ युनिट येतो. दोन्ही जवळजवळ सारखेच! दुपारी यंत्र वीज जास्त खाते, म्हणून तिचे ९ टक्के हे रात्रीच्या २२ टक्क्यांच्या तोडीचे होतात. त्यामुळे आपल्यासाठी खरा प्रश्न ‘दुपार की रात्र’ हा नसून ‘वर्षाला एकूण किती तास’ हा आहे.

आता तास मोजू. मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत आणि नंतर ऑक्टोबरच्या उकाड्यातले काही दिवस धरून ११० रात्री, रोज ८ तास, म्हणजे ८८० तास. लेबलच्या १६०० तासांच्या हे ५५ टक्के आहेत. म्हणजे थ्री स्टारला सुमारे ५३३ आणि फाइव्ह स्टारला ४१८ युनिट. फरक ११५ युनिटांचा. सासऱ्यांसाठी भर उन्हाळ्यातले ६० दिवस रोज ५ तास धरले, तर ३०० तास गुणिले ०.१५, म्हणजे आणखी ४५ युनिट. वर्षाला एकूण १६० युनिटांची बचत. वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क धरून एका युनिटला १५ रुपये मानले, तर वर्षाला २४०० रुपये वाचतात आणि साडेआठ हजार साडेतीन वर्षांत वसूल होतात. दुपारचा वापर वगळला, तर त्याच हिशेबाने जवळजवळ पाच वर्षे लागतात. पाहुणे आले तरच एसी लावणाऱ्या घरात ते पैसे यंत्राच्या आयुष्यात वसूल होत नाहीत. अशांना मी सरळ थ्री स्टार सुचवतो आणि पूर्वी फाइव्ह स्टार घेतलेले नातेवाईक माझ्यावर रागावतात.

पंधरा रुपये हा दर मी हिशेबापुरता धरला आहे. आपण तो स्वतःच्या बिलावरून काढावा, पण एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा काढू नये. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. एसीची युनिटे नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, कारण पंखे, फ्रिज आणि दिवे खालचे टप्पे आधीच भरून टाकतात. समजा, आपल्या घराचा एसीशिवायचा वापर महिन्याला १८० युनिट आहे. मे महिन्यात रात्रीचे २४० तास एसी चालला, तर लेबलच्या सरासरीने थ्री स्टार सुमारे १४५ आणि फाइव्ह स्टार ११४ युनिट घेईल. पहिल्या घराचा आकडा ३२५ होईल, दुसऱ्याचा २९४ राहील. एक घर तिसऱ्या टप्प्यात शिरले, दुसरे दुसऱ्यातच थांबले. प्रत्यक्ष वैशाखात आकडे याहून मोठे येतील, पण तत्त्व तेच राहील: वाचलेले युनिट हे आपल्या बिलातले सर्वांत महाग युनिट असते. गच्चीवर सौर पॅनल आणि नेट मीटर असेल, तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. महिन्याची निर्मिती वापराला पुरत असेल, तर जास्तीचे साडेआठ हजार एसीत घालण्याचे मला काही कारण दिसत नाही.

ताऱ्यांबद्दल आणखी एक सावधगिरी. ताऱ्यांचा तक्ता काही वर्षांनी कडक केला जातो. २०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला ४.५० वर पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून त्याच ४.५० ला चार मिळू लागले आणि पाचसाठी ५.०० लागू लागले. म्हणून गोदामात पडलेला जुना फाइव्ह स्टार आणि नवा फोर स्टार हे आतून एकच यंत्र असू शकतात. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो, तो आधी वाचावा. शंका आली, तर मॉडेल क्रमांक बीईईच्या स्टार लेबल ॲपवर टाकून पाहता येतो. विंडो एसीचा तक्ता वेगळा आणि बराच सैल आहे: २०१८ मध्ये विंडोला ३.३० वर पाच तारे मिळत, तर स्प्लिटला त्याच ३.३० वर दोनच. वेगवेगळ्या वर्षांचे किंवा वेगवेगळ्या जातींचे तारे शेजारी ठेवू नयेत. आयएसईईआरचा आकडा ठेवावा.

आता क्षमतेकडे येतो, कारण माझ्या अनुभवात खानदेशात लोक ताऱ्यांपेक्षा टनात जास्त फसतात. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट, म्हणून दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॅट व्हायला हवेत. बाजारात ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या लेबलवर मात्र कुठे ४८०० असतात, कुठे ५१००. क्षमता कमी असलेल्या यंत्राची वार्षिक युनिटेही कमी दिसतात, कारण त्याने कामच कमी केलेले असते. ग्राहकाला वाटते, की हे जास्त काटकसरी आहे. म्हणून आधी दोन्ही लेबलांवरचे १०० टक्के क्षमतेचे वॅट जुळवावेत आणि मगच युनिटांची तुलना करावी. आपल्या बाबतीत दोन्हीकडे ५००० आहेत, म्हणून मी वरचा हिशेब निश्चिंतपणे मांडू शकलो.

ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेरचे तापमान वाढते, तशी यंत्राची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद घटते आणि विजेचा वापर वाढतो. ४५ अंशांना ५००० वॅटच्या यंत्राकडून पूर्ण ५००० मिळत नाहीत. ‘५२ अंशांतही गारवा’ असे खोक्यावर लिहिलेले असते, त्याचा अर्थ यंत्र तेवढ्या उन्हात बंद पडणार नाही एवढाच. पूर्ण गारवा देईल, असे ते वाक्य म्हणत नाही. उष्ण प्रदेशांसाठी ४६ अंशांवर घेतली जाणारी चाचणी आंतरराष्ट्रीय मानकात आहे, तिला टी-३ म्हणतात. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात ४६ किंवा ४८ अंशांना किती वॅट मिळतात, हा आकडा दिलेला असतो. दुकानदाराकडून तो मागून घ्यावा. दोन फाइव्ह स्टार यंत्रांत निवड करायची असेल, तर मी भुसावळच्या माणसाला ताऱ्यांनंतर हाच आकडा विचारायला सांगतो.

सावद्याच्या एका घरात मला याचा चांगला धडा मिळाला. चौदा बाय बाराची वरच्या मजल्यावरची खोली, आणि वीज वाचावी म्हणून मालकांनी एक टनाचा फाइव्ह स्टार घेतलेला. बिल शेजारच्या दीड टनी थ्री स्टारपेक्षा जास्त आले, म्हणून यंत्र खराब आहे अशी तक्रार होती. मी रात्री अकराला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरमधून जाणारा विजेचा प्रवाह मोजणारा चिमटा, लावला, पुन्हा दोनला लावला. दोन्ही वेळा कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीवर होता. यंत्रात काहीही दोष नव्हता. स्लॅबमधून येणारी उष्णता एका टनाला आवरत नव्हती, त्यामुळे इन्व्हर्टर रात्रभर एकदाही सावकाश झाला नाही. रिमोट १८ वर ठेवलेला होता, तो भाग वेगळाच. सावकाश फिरण्यातली जी काटकसर विकत घेतली होती, ती वापरायला मिळालीच नाही.

ही स्लॅबची गोष्ट लेबलला माहीत नाही आणि आपल्याकडे तीच सर्वांत मोठी आहे. जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या थरामुळे ऊन आत उतरायला वेळ लागे. आजचा चार-पाच इंचांचा काँक्रीट स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत ती खोलीत सोडत राहतो. बाहेर ३० अंश असताना लेबलच्या हिशेबाने खोलीला निम्म्याहून थोडा जास्त गारवा पुरायला हवा. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर रात्री दहाला जवळजवळ पूर्ण लागतो. म्हणून ताई, एसीच्या आधी गच्चीला उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत, असा माझा आग्रह आहे. हे जमत नसेल, तर निदान चुना लावावा. तो एका पावसाळ्यात निघून जातो आणि दरवर्षी लावावा लागतो, पण छताला खालून हात लावला तर त्याच दिवशी फरक कळतो. पश्चिमेच्या भिंतीवर शेडनेट किंवा वेल, आणि खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ताटी, एवढे झाले तर बारा बाय बाराच्या खोलीला ५००० वॅट नीट पुरतील. हे काहीच करायचे नसेल, तर मे महिन्याच्या दुपारी हे यंत्र काठावर चालेल.

‘इन्व्हर्टर’ या शब्दाने होणारा गोंधळही येथेच दूर करतो. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारते, की वीज गेल्यावर हा एसी घरच्या बॅटरीवर चालेल ना? नाही चालणार. येथील इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारे सर्किट. त्याचा बॅटरीशी संबंध नाही. त्याचा दुसरा फायदा मात्र आहे: तो कमी व्होल्टेजवरही हळूहळू सुरू होतो. मळ्यातल्या घरांत विहिरींचे पंप चालू झाले, की व्होल्टेज इतके खाली येते की जुना साधा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरत राहतो. यंत्र कोणत्या व्होल्टेजपासून कोणत्या व्होल्टेजपर्यंत चालते, ते पुस्तिकेत दिलेले असते. आपल्या घरी संध्याकाळी आठ वाजता मोजलेले व्होल्टेज त्या मर्यादेत बसत असेल, तर स्टॅबिलायझर लागत नाही. बसत नसेल, तर ‘स्टॅबिलायझर फ्री’ या जाहिरातीवर जाऊ नये.

इन्व्हर्टरचे नाजूक अंग म्हणजे पीसीबी, त्याचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. आउटडोअरच्या पीसीबीवर पाल चढून किंवा मुंग्यांनी घर करून शॉर्ट झालेले बोर्ड मी दर उन्हाळ्यात बदलतो. एक बोर्ड गेला, की वर काढलेली दोन-तीन वर्षांची बचत त्यातच जाते. म्हणून कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीचे कौतुक करण्याआधी पीसीबीची वॉरंटी किती वर्षांची, तीत मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च धरला आहे का, आणि कंपनीचा माणूस फैजपूरला येतो की यंत्र जळगावला न्यावे लागते, हे बिलावर लिहून घ्यावे. थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये ही वॉरंटी वेगळी असेल, तर साडेआठ हजारांचा हिशेब तिथेच बदलू शकतो.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो. तारे प्रयोगशाळेतील यंत्राला मिळतात, आपल्या भिंतीवरच्या यंत्राला नाहीत. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा आणि ओल काढावी लागते. घाईतला मेकॅनिक थोडा गॅस सोडून हवा ‘उडवतो’ आणि निघून जातो. तेथेच कार्यक्षमतेला गळती लागते. पंप नसेल तर काम करू देऊ नका, असे मी स्पष्ट सांगतो. आउटडोअर युनिट शक्यतो उत्तर किंवा पूर्व बाजूला, भिंतीवर ठेवावे. गच्चीच्या मध्यावर तापलेल्या फरशीलगत ठेवलेल्या यंत्राला वेधशाळेच्या ४४ अंशांची हवा मिळत नाही, त्याहून बरीच तापलेली मिळते. सावली करायची असेल, तर उंचावर शेडनेट बांधावे. पण पंख्यासमोर काहीही येऊ नये. खोके करून झाकलेला एसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो.

वापराबद्दल एकच आकडा लक्षात ठेवावा. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतील, असे बंधन आहे, आणि तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगते. म्हणजे फाइव्ह स्टार घेऊन २० वर चालवणारा आणि थ्री स्टार घेऊन पंख्यासोबत २५-२६ वर चालवणारा यांच्या बिलात दुसराच जिंकण्याची शक्यता जास्त आहे. सासऱ्यांना दुपारी २६ आणि हळू पंखा पुरेल, असा माझा अंदाज आहे. वयस्कर माणसांना थेट झोत सहन होत नाही, म्हणून इनडोअर युनिट पलंगाच्या डोक्यावर न बसवता बाजूच्या भिंतीवर बसवावे.

एक प्रश्न आपण विचारला नाही, पण तो विचारायला हवा होता: दुपारसाठी एसीच हवा का? आपल्याकडचे ऊन कोरडे असते. एप्रिल-मेच्या दुपारी वाळ्याच्या ताट्यांचा किंवा गवताच्या जाळ्यांचा चांगला कूलर दीड-दोनशे वॅटमध्ये जे काम करतो, त्यासाठी एसीला १५०० वॅट लागतात. कोकणात हे जमणार नाही, पण फैजपूरला जमते. जूनमध्ये ढग आले आणि हवा दमट झाली, की कूलर निकामी होतो. तेव्हा एसीची खरी गरज भासते. घरात कूलर असेल आणि पाण्याची अडचण नसेल, तर दुपारचे ३०० तास कूलरवर काढावेत. फक्त कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी चालवू नये. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवतो. असे एक घर मी यावलला पाहिले आहे आणि तेथील ड्रेनच्या पाइपातून नळासारखी धार वाहत होती.

आता माझे मत. सासरे दुपारी एसीतच राहणार असतील, तर फाइव्ह स्टार घ्यावा. साडेतीन वर्षे हा वाजवी काळ आहे आणि यंत्र नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षे सहज जाते. दुपार कूलरवर निघणार असेल आणि एसी फक्त रात्री लागणार असेल, तर मी थ्री स्टार घेईन आणि उरलेल्या साडेआठ हजारांत गच्चीचा रंग आणि पश्चिमेची सावली करीन. त्या कामाने खोली दुपारीही गार राहील, कूलरही चांगला लागेल आणि थ्री स्टारचा इन्व्हर्टर रात्री लवकर सावकाश होईल. कोणताही घेतला, तरी पंधरा दिवसांनी फिल्टर धुवावा, कारण आपल्याकडे वावटळींची धूळ आणि कापसाचा तंतू दोन्ही जाळीत अडकतात. आउटडोअर युनिटची जाळी वर्षातून एकदा पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुऊन घ्यावी आणि ते काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी उरकावे. आखाजीनंतर आम्हा मेकॅनिक लोकांचे फोन लागत नाहीत.